सी प्रोग्रॅममधून डिरेक्टरी वाचणे: छोट्या जागामोजणी प्रोग्रॅमची पूर्ण बांधणी

डिस्क भरत आली की पहिला प्रश्न पडतो तो जागा गेली कुठे हा. लिनक्सवर त्यासाठी ‘डीयू’ ही तयार कमांड आहे. तरीही सी शिकणाऱ्या प्रत्येकाने तसा एक प्रोग्रॅम स्वतः लिहावा असं मला मनापासून वाटतं. प्रोग्रॅम दीड-दोनशे ओळींत आटोपतो, आणि तेवढ्यात पॉइंटर, मेमरी, एरर हाताळणी, रिकर्शन आणि फाइल सिस्टिमचं खरं वागणं या सगळ्यांशी गाठ पडते.

आपला प्रोग्रॅम एक फोल्डर (म्हणजेच डिरेक्टरी) घेईल, त्याच्या आतल्या सगळ्या फाइली आणि उपफोल्डर चाळेल, आणि प्रत्येक उपफोल्डरने डिस्कवर किती जागा व्यापली आहे ते सांगेल. हे लिहिताना एकच गोष्ट शेवटपर्यंत लक्षात ठेवायची: डिरेक्टरी वाचल्यावर हातात जवळपास फक्त नावं येतात. ती वस्तू फाइल आहे की फोल्डर, केवढी आहे, वाचायची परवानगी आहे का, हे सगळं वेगळं विचारावं लागतं, आणि आपण विचारेपर्यंत उत्तर बदललेलं असू शकतं. या विषयातल्या बहुतेक चुका ही गोष्ट विसरल्यामुळे होतात.

फंक्शनांची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन छोट्या अक्षरांत, मधे जागा न सोडता लिहायची. एररचे कोड आणि फ्लॅग मोठ्या अक्षरांत असतात.

डिरेक्टरीत नक्की काय असतं

युनिक्सच्या सुरुवातीच्या काळात डिरेक्टरी ही साध्या फाइलसारखीच उघडून वाचता यायची. तिच्यात १६ बाइटच्या नोंदी एकापाठोपाठ एक असत: पहिले २ बाइट आयनोडचा (फाइलची माहिती ठेवणाऱ्या डिस्कवरच्या नोंदीचा) क्रमांक, पुढचे १४ बाइट नाव. म्हणून तेव्हा नाव १४ अक्षरांपेक्षा मोठं नसायचं. फाइल पुसली की क्रमांकाच्या जागी शून्य यायचं, आणि प्रत्येक प्रोग्रॅमला अशा शून्याच्या नोंदी स्वतः गाळाव्या लागायच्या.

१९८३ साली बर्कली विद्यापीठाच्या ४.२बीएसडी या युनिक्स आवृत्तीमध्ये नवी फाइल सिस्टिम आली. नाव २५५ बाइटपर्यंत वाढलं आणि नोंदींची लांबी कमी-जास्त झाली. आता प्रत्येक प्रोग्रॅमने डिस्कवरची मांडणी स्वतः उलगडत बसणं परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याच आवृत्तीत ओपनडिर, रीडडिर आणि क्लोजडिर ही फंक्शनं दिली गेली. १९८८च्या पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या सामाईक मानकात ती आली आणि आजही आपण तीच वापरतो. लिनक्सवर तुम्ही डिरेक्टरी साध्या ‘ओपन’ने उघडून ‘रीड’ करायला गेलात तर ईइजडिर ही एरर मिळते. जुना रस्ता आता बंद आहे.

नाव आणि आयनोड क्रमांक यांची जोडी हा डिरेक्टरीचा गाभा मात्र बदललेला नाही. फाइलचा आकार, मालक, परवानग्या, तारखा हे सगळं आयनोडमध्ये असतं. त्यामुळे एकाच आयनोडकडे दोन वेगवेगळी नावं बोट दाखवू शकतात. त्याला हार्डलिंक म्हणतात, आणि जागा मोजताना ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

उघडणे

हेडर फाइल ‘डिरेंट.एच’ घ्या. ओपनडिरला पाथ द्यायचा, ते डीआयआर या प्रकाराचा पॉइंटर परत देतं. पुढे त्याला मी ‘वाचक’ म्हणणार आहे. त्याच्या आत काय आहे ते पाहायचं नाही. ‘स्टँडर्ड आयओ’मधला फाइल पॉइंटर जसा वापरता तसाच तो वापरायचा.

पॉइंटर नल आला तर एर्नो, म्हणजे शेवटच्या एररचा क्रमांक ठेवणारं चल, पाहा. एनोएंट म्हणजे असा पाथच नाही. ईनॉटडिर म्हणजे पाथ आहे, पण ती डिरेक्टरी नाही. ईअ‍ॅक्सेस म्हणजे परवानगी नाही. नुसतं ‘फोल्डर उघडता आलं नाही’ असं छापू नका. पाथ आणि स्ट्रएररने मिळणारा मजकूर असे दोन्ही छापा, आणि ते स्टँडर्ड एररवर छापा. प्रोग्रॅमचं खरं उत्तर दुसऱ्या कमांडला पाइपने दिलं जात असेल तर त्यात एरर मिसळता कामा नये.

परवानग्यांबद्दल एक बारकावा. डिरेक्टरीवरच्या ‘आर’ परवानगीने नावं वाचता येतात, ‘एक्स’ परवानगीने त्या नावांपर्यंत पोचता येतं. फक्त ‘आर’ असेल तर नावांची यादी मिळेल, पण एकाही फाइलचा आकार कळणार नाही. फक्त ‘एक्स’ असेल तर ओपनडिरच अपयशी ठरेल, पण आतलं नेमकं नाव ठाऊक असेल तर ती फाइल उघडता येईल. म्हणून यादी मिळाली याचा अर्थ पुढचं सगळं मिळेल असा धरायचा नाही.

वाचण्याचा लूप

लूपचा आराखडा असा:

```
वाचक = ओपनडिर(पाथ)
वाचक नल असेल तर: एरर छापा, परत फिरा

कायम फिरणारा लूप:
    एर्नो = ०
    नोंद = रीडडिर(वाचक)
    नोंद नल असेल तर:
        एर्नो ० नसेल तर: वाचताना एरर आली, ती छापा
        लूपबाहेर पडा
    नाव "." किंवा ".." असेल तर: पुढच्या फेरीला जा
    नावाचं काम करा

क्लोजडिर(वाचक)
```

यातली ‘एर्नो = ०’ ही ओळ बहुतेक ठिकाणी गाळलेली दिसते, आणि नेमकी तीच महत्त्वाची आहे. नोंदी संपल्या तरी रीडडिर नल देतं आणि वाचताना बिघाड झाला तरी नलच देतं. दोन्हींतला फरक फक्त एर्नोवरून कळतो, कारण नोंदी संपल्यावर रीडडिर एर्नोला हात लावत नाही. आधीच्या कुठल्या तरी कॉलचा जुना आकडा त्यात राहिला असेल तर चुकीचा निष्कर्ष निघतो, म्हणून रीडडिरच्या लगेच आधी, प्रत्येक फेरीत, शून्य करायचं. लूपच्या बाहेर एकदाच करून भागत नाही, कारण ‘नावाचं काम करा’ या भागात तुम्ही प्रिंटएफ किंवा स्टॅट (फाइलची माहिती विचारणारं फंक्शन) वापरणार आणि तेही एर्नो बदलू शकतात. नेटवर्कवरच्या किंवा खराब होत चाललेल्या डिस्कवर ही तपासणी नसेल तर प्रोग्रॅम अर्धीच यादी पूर्ण समजून शांतपणे चुकीची बेरीज सांगतो.

‘.’ म्हणजे हीच डिरेक्टरी आणि ‘..’ म्हणजे तिची वरची. या दोन्ही गाळल्या नाहीत तर रिकर्शन संपणारच नाही. गाळताना स्ट्रकंपने पूर्ण नाव तपासा. पहिलं अक्षर टिंब आहे एवढंच पाहिलंत तर लपवलेल्या सगळ्या फाइली सुटतील, आणि ब्राउझर वगैरेंचा कॅश ठेवणारे, हमखास जागा खाणारे फोल्डर बहुधा टिंबानेच सुरू होतात.

रीडडिर जो पॉइंटर देतं तो त्याच्या स्वतःच्या बफरमधला असतो. तो ‘फ्री’ करायचा नाही आणि पुढच्या फेरीसाठी जपूनही ठेवायचा नाही. त्याच वाचकावर पुन्हा रीडडिर बोलावलं की तिथला मजकूर पुसला जाऊ शकतो. नाव नंतर लागणार असेल तर स्ट्रडपने त्याची प्रत काढा. अख्खी नोंद ‘=’ लावून दुसऱ्या चलात भरण्याचा मोहही टाळा. ग्लिबसीमध्ये (लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीत) नोंदीतलं नाव ठेवणारं डी_नेम २५६ बाइटचं दिसतं, पण काही फाइल सिस्टिमवर नाव त्याहून लांब येऊ शकतं आणि मग प्रत अर्धवट होते.

जुन्या लेखांत रीडडिर_आर नावाचं, थ्रेडसाठी सुरक्षित म्हणून सांगितलेलं फंक्शन दिसेल. ते वापरू नका. ग्लिबसी २.२४पासून ते बाद ठरवलं आहे. वेगवेगळ्या थ्रेडनी वेगवेगळे वाचक उघडले असतील तर आजच्या ग्लिबसीत साधं रीडडिर पुरेसं सुरक्षित आहे.

पडद्यामागे काय चालतं

एक रिकामं फोल्डर बनवा आणि त्याच्यावर आपला प्रोग्रॅम ‘एसट्रेस’ या सिस्टिम कॉल दाखवणाऱ्या कमांडखाली चालवा. गेटडेंट्स६४ हा सिस्टिम कॉल दोनदा दिसेल: पहिला ४८ परत देतो, दुसरा ०. फोल्डर रिकामं असताना ४८ बाइट कसले? ‘.’ आणि ‘..’ या दोन नोंदींचे. प्रत्येक नोंदीत आयनोड क्रमांकाचे ८ बाइट, पुढच्या नोंदीच्या स्थानाचे ८, लांबीचे २, प्रकाराचा १, म्हणजे १९ झाले. त्यावर नाव आणि शेवटचा शून्य बाइट, आणि सगळं मिळून ८च्या पटीत वर नेलेलं. ‘.’साठी २१चे २४ होतात, ‘..’साठी २२चे २४.

आता त्याच फोल्डरमध्ये ‘शेतकरी’ नावाची फाइल बनवा आणि पुन्हा चालवा. आकडा ८८ होतो. ‘शेतकरी’मध्ये श, एकार, त, क, र आणि दीर्घ वेलांटी अशी ६ चिन्हं आहेत, यूटीएफ-८मध्ये प्रत्येकाचे ३ बाइट, म्हणजे १८. १९ अधिक १८ अधिक १ म्हणजे ३८, त्याचे झाले ४०. हा हिशोब एकदा स्वतः जुळवून पाहिला की रीडडिर काय करतं ते पक्कं बसतं: कर्नलकडून एका फटक्यात अनेक नोंदी आणायच्या, ग्लिबसीमध्ये साधारणपणे ३२ केबीच्या बफरमध्ये, आणि आपल्याला एकेक करून द्यायच्या. दुसऱ्या कॉलचं ० म्हणजे आता काही उरलं नाही.

यावरून आणखी एक गोष्ट कळते. तुम्ही वाचत असताना कोणी त्या फोल्डरमध्ये नवी फाइल टाकली किंवा पुसली, तर ती यादीत येईल की नाही याची हमी पॉझिक्स देत नाही. यादी ही त्या क्षणाचा गोठवलेला फोटो नसते.

ही फाइल की फोल्डर?

लिनक्सवर नोंदीत डी_टाइप नावाचा एक बाइट असतो: साध्या फाइलला ८, डिरेक्टरीला ४, सिंबॉलिक लिंकला (दुसऱ्या पाथकडे बोट दाखवणाऱ्या फाइलला) १०. तो वापरला तर प्रत्येक नावासाठी वेगळा सिस्टिम कॉल करावा लागत नाही, आणि लाखभर फाइलींच्या फोल्डरमध्ये हा फरक सहज जाणवतो.

पण पॉझिक्सचं २००८चं मानक डी_टाइपची हमी देत नाही, आणि लिनक्सवरही काही फाइल सिस्टिम तिथे ० म्हणजे डीटी_अननोन देतात. त्याचा अर्थ ‘साधी फाइल नव्हे’ असा नाही, ‘माहीत नाही, विचारून घ्या’ असा आहे. डीटी_अननोन आल्यावर स्टॅटकडे वळणारा फाटा लिहिला नाही, तर प्रोग्रॅम तुमच्या मशीनवर बिनचूक चालतो आणि दुसऱ्याच्या मशीनवर एकाही उपफोल्डरमध्ये शिरत नाही.

आपल्या प्रोग्रॅमला जागा मोजायची असल्याने प्रत्येक नावासाठी स्टॅट करावाच लागणार आहे, तेव्हा इथे डी_टाइपकडे पाहायचंच नाही. एका स्टॅटमध्ये प्रकारही मिळतो आणि जागाही. एस_इजडिर या मॅक्रोला स्टॅटने दिलेल्या माहितीतलं एसटी_मोड दिलं की डिरेक्टरी आहे की नाही ते कळतं.

स्टॅट आणि एलस्टॅट यांतली निवड मात्र जपून करा. स्टॅट सिंबॉलिक लिंकच्या पलीकडे जाऊन मूळ वस्तूची माहिती देतं, एलस्टॅट लिंकचीच माहिती देतं. फोल्डरांचं झाड चाळताना नेहमी एलस्टॅट. एखादी लिंक वरच्याच फोल्डरकडे बोट दाखवत असेल तर स्टॅटने तुम्ही गोल गोल फिरत राहाल, आणि कर्नल पाथ फार लांबला किंवा लिंका फार झाल्या म्हणून थांबवेपर्यंत तीच जागा पुन्हा पुन्हा मोजाल.

पाथ जोडण्याऐवजी डिस्क्रिप्टर

शिकणारे बहुतेक जण इथे अडखळतात. रीडडिर ‘हिशोब.टीएक्सटी’ एवढंच नाव देतं, पूर्ण पाथ देत नाही. ते नाव थेट स्टॅटला दिलं की एनोएंट येते, कारण स्टॅट ते नाव चालू डिरेक्टरीत शोधतं. आणि ज्या फोल्डरमधून प्रोग्रॅम चालवला तेच फोल्डर तपासायला दिलं असेल तर सगळं बरोबर चालतं, त्यामुळे चूक कुठे आहे ते लवकर उमगत नाही.

सर्वांना सुचणारा उपाय म्हणजे पाथ, तिरकी रेघ आणि नाव एसएनप्रिंटएफने जोडणे. तो चालतो, पण परत आलेला आकडा बफरपेक्षा मोठा आहे का ते तपासावं लागतं, आणि लिनक्सवर एका कॉलला दिलेला पाथ ४०९६ बाइटच्या आत असावा लागतो. शिवाय पाथ जोडून तो पुन्हा वरपासून शोधायला लावला, आणि मधल्या काळात कोणी वरचं फोल्डर हलवलं किंवा त्या जागी लिंक ठेवली, तर तुम्ही भलत्याच ठिकाणी पोचता. रूटच्या अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ही सुरक्षेतली खरी भेग आहे.

त्यापेक्षा एफस्टॅटअ‍ॅट वापरा. त्याला उघड्या डिरेक्टरीचा डिस्क्रिप्टर (कर्नलने उघड्या फाइलला दिलेला क्रमांक) द्यायचा, जो डिरएफडी या फंक्शनने वाचकाकडून मिळतो. सोबत नुसतं नाव, आणि शेवटी एटी_सिमलिंक_नोफॉलो हा फ्लॅग. नाव त्या डिरेक्टरीतच शोधलं जातं. स्ट्रिंग जोडायला नको, लांबीची चिंता नको, एलस्टॅटचं काम त्यातच होतं.

एफस्टॅटअ‍ॅटने एनोएंट दिली तर घाबरू नका आणि प्रोग्रॅम थांबवू नका. नाव वाचल्यापासून स्टॅट करेपर्यंत कोणी तरी फाइल पुसली एवढाच त्याचा अर्थ. तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये हे रोज होतं. ती नोंद सोडून पुढे जा. बाकीच्या एरर छापा, मोजत राहा, आणि शेवटी प्रोग्रॅमचा एक्झिट कोड शून्येतर ठेवा, म्हणजे बेरीज अपुरी असल्याचं बोलावणाऱ्या स्क्रिप्टला कळेल.

उपडिरेक्टरीत उतरणे

ओपनअ‍ॅटला वरचा डिस्क्रिप्टर आणि उपफोल्डरचं नाव द्या. फ्लॅग चार: ओ_आरडीओन्ली, ओ_डिरेक्टरी, ओ_नोफॉलो आणि ओ_क्लोएक्झेक. स्टॅट आणि ओपनअ‍ॅट यांच्या मधल्या क्षणात फोल्डरच्या जागी कोणी लिंक ठेवली असेल तर ओ_नोफॉलोमुळे कर्नल उघडायला नकार देतो. मिळालेला डिस्क्रिप्टर एफडीओपनडिरला दिला की नवा वाचक तयार.

इथे मालकीचा नियम स्पष्ट आहे. एफडीओपनडिर यशस्वी झालं की तो डिस्क्रिप्टर वाचकाचा झाला. क्लोजडिरच तो बंद करतं, तुम्ही वेगळा ‘क्लोज’ करायचा नाही. ते अपयशी ठरलं तर मात्र डिस्क्रिप्टर अजून तुमचाच आहे आणि बंद करण्याची जबाबदारीही. या एका फाट्यावर डिस्क्रिप्टर गळत राहण्याची चूक फार सर्रास दिसते.

रिकर्शनमध्ये प्रत्येक पातळीचा एक वाचक उघडा राहतो. बऱ्याच लिनक्स सिस्टिमवर एका प्रोसेसला सुरुवातीला १०२४ डिस्क्रिप्टरची मर्यादा असते, आणि ती ओलांडली की ईएमफाइल मिळते. माणसांनी बनवलेली फोल्डर इतकी खोल नसतात. प्रोग्रॅमने बिघडून बनवलेली मात्र असू शकतात. ती हाताळायची असतील तर आधी डिरेक्टरी पूर्ण वाचून उपफोल्डरांची नावं जमा करा, वाचक बंद करा आणि मग उतरा. त्याची किंमत म्हणजे पाथ पुन्हा जोडावे लागतात. आपल्या कामाला साधं रिकर्शन पुरेसं आहे, फक्त ईएमफाइल आली तर ती छापली गेली पाहिजे.

मूळ फोल्डरचा एसटी_डेव्ह (फाइल सिस्टिमचा क्रमांक) जपून ठेवा आणि प्रत्येक उपफोल्डरच्या एसटी_डेव्हशी ताडून पाहा. वेगळा निघाला तर तिथे दुसरी फाइल सिस्टिम जोडलेली आहे: पेन ड्राइव्ह, नेटवर्कवरची डिस्क, किंवा कर्नलची माहिती दाखवणारं ‘प्रॉक’. एका डिस्कची जागा मोजायची असेल तर तिथे शिरायचं नाही.

जागा मोजताना

एसटी_साइझ म्हणजे फाइलची लांबी, एसटी_ब्लॉक्स म्हणजे डिस्कवर व्यापलेली जागा, आणि लिनक्सवर एसटी_ब्लॉक्सचं एकक ५१२ बाइट असतं, फाइल सिस्टिमचा ब्लॉक केवढाही असो. ४ केबीच्या ब्लॉकवर १८ बाइटची छोटी फाइल सहसा ४०९६ बाइट अडवते, म्हणजे एसटी_ब्लॉक्स ८ येतं. उलट, आभासी मशीनची विरळ डिस्क-फाइल लांबीला १०० जीबी दिसते आणि प्रत्यक्षात त्याच्या तुकड्याइतकीच जागा घेते. ‘डिस्क का भरली’ याचं उत्तर हवं असेल तर एसटी_ब्लॉक्स गुणिले ५१२ हीच बेरीज करा.

हार्डलिंक असलेली फाइल दोन नावांनी दोनदा भेटते आणि दोनदा मोजली जाते. म्हणून एसटी_एनलिंक (नावांची संख्या) १ पेक्षा जास्त असलेल्या फाइलींसाठी एसटी_डेव्ह आणि एसटी_इनो (आयनोड क्रमांक) यांची जोडी एका यादीत किंवा हॅश टेबलमध्ये ठेवा, आणि जोडी आधी भेटलेली असेल तर ती बेरजेत धरू नका. डिरेक्टरींना हा नियम लावायचा नाही. त्यांचा लिंकांचा आकडा वेगळ्या कारणाने मोठा असतो.

बेरजेसाठी ६४ बिटांचा पूर्णांक घ्या आणि छापताना त्याला इंटमॅक्स_टीमध्ये बदला. ३२ बिटांच्या मशीनसाठी कंपाइल करत असाल तर सगळ्या हेडरच्या आधी _फाइल_ऑफसेट_बिट्स ६४ ठरवा, नाही तर २ जीबीपेक्षा मोठ्या फाइलवर स्टॅट अपयशी ठरेल.

मराठी नावांच्या फाइली

इंग्रजी पाठ्यपुस्तकांत न सापडणारा आणि आपल्याकडे रोज लागणारा भाग हा आहे. लिनक्सच्या दृष्टीने फाइलचं नाव म्हणजे बाइटांची रांग. तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही चालतं.

पहिला परिणाम लांबीचा. एक्स्ट४ या लिनक्सवरच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमवर नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, म्हणजे देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हं, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी स्वतंत्र मोजली जातात. ‘महाराष्ट्र’ एवढ्या एका शब्दाला १० चिन्हं आणि ३० बाइट लागतात. शासन निर्णयाचा पूर्ण विषयच फाइलचं नाव म्हणून चिकटवणाऱ्यांना ही मर्यादा लवकर गाठते. विंडोजच्या एनटीएफएसवर मर्यादा २५५ यूटीएफ-१६ एककांची असल्याने तिथे तेच नाव आरामात बसतं, आणि लिनक्सवर नकल करताना ‘नाव फार लांब’ अशी एरर येते.

दुसरा परिणाम जास्त फसवा आहे. ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द तीन तऱ्हांनी साठवला जाऊ शकतो. एक, ऱ हे स्वतंत्र चिन्ह वापरून, ३३ बाइट. दोन, र आणि त्याखाली नुक्ता अशी फोड करून, ३६ बाइट. तीन, र, हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरून, पुन्हा ३६ बाइट. स्क्रीनवर तिन्ही साधारण सारखेच दिसतात, एकाच फोल्डरमध्ये तिन्ही फाइली शेजारी राहू शकतात, आणि स्ट्रकंप तिन्हींना वेगळं म्हणतं. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नावं फोड करूनच ठेवायची, त्यामुळे तिथून आलेल्या फाइलींत दुसरी तऱ्हा भेटते. नावावरून फाइल शोधायची असेल तर दोन्ही नावं आधी युनिकोडच्या एनएफसी, म्हणजे फोडी पुन्हा जोडलेल्या, रूपात आणा. आयसीयू ही लायब्ररी ते करते. पण त्याने पहिल्या दोनच तऱ्हा एक होतात. जोडकाची तिसरी तऱ्हा तुम्हाला स्वतः बदलून घ्यावी लागते. नुसती यादी करायची असेल तर नावाला हात लावू नका, जसे बाइट आले तसेच कर्नलला परत द्या.

तिसरं, छापणं. प्रिंटएफमध्ये नावासाठी ३० रुंदीचा रकाना मागितला तर तो बाइट मोजतो, अक्षरं नाही, म्हणून मराठी नावांचे रकाने वाकडे होतात. लांबी कापायला सांगितलीत तर तीन बाइटचं चिन्ह मधोमध तुटून चौकोन दिसतात. सोपा उपाय म्हणजे आकडा आधी आणि नाव ओळीच्या शेवटी छापणे; ‘डीयू’ही तसंच करते. आणि नावातला एकेक बाइट तपासत असाल तर तो आधी अनसाइन्ड कॅरमध्ये बदला. इंटेलच्या मशीनवर साधा कॅर ऋण होऊ शकतो, देवनागरीचा प्रत्येक बाइट १२७च्या वरचा असतो, आणि इजप्रिंटसारख्या फंक्शनला ऋण आकडा दिला तर काय होईल याची हमी नाही.

नावात नवी ओळ किंवा टर्मिनलचे छुपे संकेतही असू शकतात. यादी दुसऱ्या प्रोग्रॅमला द्यायची असेल तर नावांमध्ये नव्या ओळीऐवजी शून्य बाइट ठेवा. ‘एक्सआर्ग्ज’ला ‘-०’ हा पर्याय त्यासाठीच आहे.

क्रम

रीडडिर नावं वर्णानुक्रमे देत नाही. एक्स्ट४वर मोठ्या फोल्डरमध्ये ती हॅशच्या क्रमाने येतात, म्हणजे माणसाला काहीच अर्थ न लागणाऱ्या क्रमाने. क्रम हवा असेल तर नावं स्ट्रडप करून वाढत्या अ‍ॅरेत भरा आणि क्यूसॉर्ट लावा. तुलना करणाऱ्या फंक्शनला स्ट्रिंग मिळत नाही, स्ट्रिंगच्या पॉइंटरचा पॉइंटर मिळतो, एवढं ध्यानात ठेवा.

तुलना स्ट्रकंपने केली तर युनिकोडमधल्या क्रमांकांचा क्रम मिळतो. तो वर्णमालेच्या बराच जवळ आहे, पण ‘ळ’ तिथे ल आणि व यांच्या मधे येतो, मराठी वर्णमालेत तो ह नंतर आहे. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ही शेवटी न येता क आणि ज यांच्या घरात येतात. लोकॅलचे (निवडलेल्या भाषेचे) नियम लागू करायचे असतील तर स्ट्रकोल वापरा, आणि मेनच्या सुरुवातीला सेटलोकॅलला रिकामी स्ट्रिंग द्या. ते केलं नाही तर प्रोग्रॅम ‘सी’ लोकॅलमध्येच राहतो आणि स्ट्रकोल स्ट्रकंपसारखंच वागतं.

हे सगळं एका कॉलमध्ये हवं असेल तर स्कॅनडिर आहे: वाचतं, गाळतं, लावून देतं. त्याने दिलेली प्रत्येक नोंद आणि शेवटी अ‍ॅरे ‘फ्री’ करायचा. झाड चाळण्यासाठी एनएफटीडब्ल्यूही आहे. एफटीडब्ल्यू_फिज या फ्लॅगने लिंका टाळता येतात, एफटीडब्ल्यू_माउंटने दुसरी फाइल सिस्टिम. पण त्याच्या कॉलबॅकला स्वतःचा डेटा देता येत नाही, म्हणून बेरीज ग्लोबल चलात ठेवावी लागते. मला ते पटत नाही. उपफोल्डरनिहाय बेरीज हवी असताना स्वतःचं रिकर्शन जास्त सुटसुटीत पडतं.

कंपाइल करणे आणि तपासणे

कंपाइलरला कडक सी११ मोड सांगितलात तर एफस्टॅटअ‍ॅट, स्ट्रडप वगैरे ‘माहीत नाही’ अशा सूचना येतील. पहिल्या ओळीवर, सगळ्या हेडरच्या आधी, _पॉझिक्स_सी_सोर्स २००८०९एल ठरवा. डीटी_ने सुरू होणारे स्थिरांकही हवे असतील तर _डिफॉल्ट_सोर्स.

मॅन पान उघडताना रीडडिरचं तिसऱ्या विभागातलं पान पाहा. दुसऱ्या विभागात याच नावाचा लिनक्सचा जुना सिस्टिम कॉल आहे, तो आपल्या कामाचा नाही.

मग एक मुद्दाम अवघड फोल्डर तयार करा. त्यात रिकामं उपफोल्डर, वरच्या फोल्डरकडे बोट दाखवणारी लिंक, तुटकी लिंक, एकाच फाइलची दोन हार्डलिंक, नावात नवी ओळ असलेली फाइल, ‘शेतकऱ्यांची’च्या तिन्ही तऱ्हा, आणि चालवण्याची परवानगी काढलेलं एक फोल्डर असू द्या. शेवटची तपासणी रूट म्हणून करू नका, रूटला परवानग्या आड येत नाहीत. प्रोग्रॅम व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या साधनाखाली डिस्क्रिप्टर तपासणीसह चालवा, म्हणजे गळलेली मेमरी आणि बंद न केलेले वाचक दोन्ही दिसतील. आणि आपली बेरीज ‘डीयू’च्या बेरजेशी ताडा, दोन्हीकडे एकच एकक धरून. फरक पडला तर आधी हार्डलिंक पाहा, मग डिरेक्टरींची स्वतःची जागा. ‘डीयू’ ती धरते: मूळ फोल्डरसकट प्रत्येक डिरेक्टरीचे एसटी_ब्लॉक्स तुमच्याही बेरजेत आले पाहिजेत.

विंडोजवर व्हिज्युअल सीमध्ये डिरेंट.एच नाही. तिथे फाइंडफर्स्टफाइलडब्ल्यू, फाइंडनेक्स्टफाइलडब्ल्यू आणि फाइंडक्लोज हे त्रिकूट वापरावं लागतं. शेवटी डब्ल्यू असलेली रूपं घेतली तरच मराठी नावं शाबूत येतात. तिथे आकार आणि प्रकार नावासोबतच मिळतो, आणि पहिलं नाव उघडण्याच्या कॉलमध्येच येतं, म्हणून लूप ‘आधी काम, मग पुढचं’ असा लिहावा लागतो.